वेदना : निरंक

मी ठरवलं होतं ते एवढंच, की वही एकदम भरू. रोज रोज कोण लिहीत बसणार? आता यातून पुढे एवढं महाभारत होईल, असं वाटण्यासारखं यात काही होतं का, तुम्हीच सांगा. (आमच्या मिसेसना विचारू नका. त्या 'होतं' म्हणतात.)

मी महेंद्र शेलार. मुरबाडला एका सरकारी ऑफिसात लिपिक आहे आणि राहतो किन्हवलीला. रोज जीपने जातो, जीपने येतो. ऑफिसात मला भाऊसाहेब म्हणतात आणि घरात 'अहो' म्हणतात. त्यापलीकडे कुणी काही म्हणावं असं माझ्या हातून सत्तावीस वर्षांच्या नोकरीत घडलेलं नव्हतं. मार्चच्या सुरुवातीला आमच्या मिसेसचं, म्हणजे संघरत्नाचं, कल्याणला मणक्याचं ऑपरेशन झालं. दोन वर्षं तिची नस दबलेली होती. कमरेतून निघालेली कळ थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची. कळ आली की ती ओट्याला धरून उभी राहायची आणि मी पेपरातून डोकं वर काढून "काय झालं गं?" असं विचारायचो. दर वेळी विचारायचो हं. पण याची दखल कुणी घेतली नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. घरी सोडताना डॉक्टर पष्ट्यांनी एक वही पुढे केली. वर छापलं होतं, 'वेदना नोंदवही'. रोज सकाळी आणि संध्याकाळी दुखण्याला आकडा द्यायचा. अजिबात दुखत नसेल तर शून्य, सहन होत नसेल तर दहा. शिवाय झोप किती लागली, चाललात किती, घरच्यांची मदत मिळाली का, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना.

"टाके काय, भरतील," डॉक्टर म्हणाले. "पण माणूस पुन्हा नीट जगायला लागला की नाही, ते मला या वहीतून कळतं. गोळ्या किती दिवस द्यायच्या, व्यायाम कुठला द्यायचा, सगळं मी यावरून ठरवणार."

रत्नाला तेव्हा बसून लिहिता येत नव्हतं. मी छाती पुढे काढून म्हणालो, "डॉक्टर, वही माझ्याकडे द्या. कागदाच्या बाबतीत तुम्ही निर्धास्त राहा."

घरी आलो. मदतीला सासूबाई आल्या. मुरबाडहून कुणाली नावाची फिजिओवाली मुलगी एक दिवसाआड स्कूटीवरून येऊन रत्नाकडून व्यायाम करून घ्यायला लागली. मी पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर नाव, पत्ता, वय, रक्तगट सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि वही कपाटात ठेवली. मग मार्चएंड आला. मार्चएंड संपतो न संपतो तोच जयंतीची गडबड. आमच्या जयंती मंडळाचा सेक्रेटरी मीच. मंडप, मिरवणूक, भाषणाला पाहुणे, खिरीला पातेलं, सगळं माझ्या डोक्यावर. चौदा एप्रिलची जयंती जोरात झाली. पंधराला सकाळी देवजीची व्हॅन दारात हॉर्न वाजवायला लागली, कारण त्या दिवशी तपासणीला कल्याणला जायचं होतं. मी वही काढली आणि उघडली.

पुढची बेचाळीस पानं कोरी!

बाप रे! पण धक्का फार वेळ टिकला नाही. अहो, तपासणीच्या दिवशी सकाळी रजिस्टर पूर्ण करणं हेच तर माझं आयुष्य आहे. वर्षाचं रजिस्टर मी एका जेवणाच्या सुट्टीत भरलेलं आहे. ही तर बेचाळीस पानं, आणि कल्याण येईपर्यंत दोन तास.

मागच्या सीटवर रत्ना उशा लावून आडवी, तिच्या पायाशी सासूबाई, आणि पुढे देवजीच्या शेजारी मी. मांडीवर वही, खिशात तीन पेनं. (एकाच पेनाने भरलेलं रजिस्टर बघताक्षणी ओळखू येतं. हे गुपित मी कुणाला सांगत नाही, पण तुम्ही घरचेच आहात.) पहिल्या आठवड्याला आठ दिले, दुसऱ्याला सात. आकडा सारखाच उतरत गेला की साहेबाला संशय येतो, म्हणून मध्येच एका मंगळवारी परत आठ टाकला. सरळगावला गाडी थांबवून चहा घेतला आणि एकविसाव्या पानावर बोटाने चहाचा डाग पाडला.

"आई गंऽऽ!" मागून आवाज आला. गतिरोधक होता.

"देवजी, हळू घे रे," मी म्हणालो. "अक्षर हलतंय."

"ऑफिसचं काम का गाडीत?" रत्नाने दात आवळून विचारलं.

"जरा अर्जंट आहे," मी म्हणालो. खोटं नव्हतंच ते.

मदतीच्या रकान्यात मी 'पतीचे सहकार्य समाधानकारक' अशी सुरुवात केली. मग 'चांगले' झालं. पुढे 'उत्कृष्ट', आणि मुरबाड मागे पडलं तसं 'अतिउत्कृष्ट'. आमच्या गोपनीय अहवालात साहेब लोकांनी मला आजवर 'चांगला'च्या वर चढू दिलेलं नाही. इथे पेन माझ्या हातात होतं. शेऱ्यातही मग मन मोकळं केलं. 'आज पतीने स्वतः भाकऱ्या थापल्या.' 'आज पतीसह अंगणात अर्धा तास फेरफटका.' शेवटच्या नऊ दिवसांना सकाळी शून्य, संध्याकाळी शून्य, आणि शेरा : वेदना निरंक. निरंक हा आमच्या ऑफिसातला सगळ्यात लाडका शब्द. तक्रारी निरंक, प्रलंबित प्रकरणे निरंक. तो दिसला की साहेब खुशीत पान उलटतो. म्हारळच्या अलीकडे शेवटचं शून्य काढत होतो तेव्हा मागे रत्ना मोठ्याने विव्हळली. शून्य थोडं लांबट आलं, पण चालून गेलं.

डॉक्टर पष्ट्यांनी वही उघडली आणि त्यांचा चेहराच उजळला.

"शेलार, आजवर चाळीस पेशंटांनी ही वही नेली. पूर्ण भरून आणणारे तुम्ही पहिले!"

मी नम्रपणे मान खाली घातली. त्यांनी रत्नाचे टाके पाहिले, पाय उचलायला लावून पाहिला, एक्स-रे उजेडात धरून पाहिला. "झकास! आणि इथे नऊ दिवस वेदना शून्य. मग बाई, आता गोळ्या बंद. कुणालीचं घरी येणंही बंद करू, तिला दुसरे पेशंट आहेत. हळूहळू घरातली कामं सुरू करा."

रत्ना बघतच राहिली. "पण डॉक्टर, दुखतंय की अजून!"

"किती?"

"लय दुखतंय. आत्ता गाडीत तर जीव गेला माझा."

डॉक्टरांनी वही तिच्याकडे फिरवली. "आज सकाळी शून्य सांगितलंय तुम्ही."

"कोण बोललं शून्य?"

"घाबरू नका. ऑपरेशननंतर मनात भीती बसते, मग उगाच दुखल्यासारखं वाटतं. एक्स-रे चांगला, ताकद चांगली, आणि कागदावर तर दुखणं कुठेच नाही."

हे वाक्य कुठेतरी ऐकलंय असं मला वाटलं. मग आठवलं, हे माझंच आहे. खिडकीवर येणाऱ्या माणसाला मी सत्तावीस वर्षं हेच सांगत आलोय. कागदावर नाही ना, मग नाही. समोरच्याच्या तोंडून ऐकताना मात्र ते फारच टोचलं.

डॉक्टर आता शेरे मोठ्याने वाचायला लागले. "'आज पतीने स्वतः भाकऱ्या थापल्या.' वा!"

इतका वेळ कोपऱ्यात गप्प बसलेल्या सासूबाई एकदम म्हणाल्या, "कोनी थापल्या?"

"तुमच्या जावयांनी."

सासूबाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं, मग पुन्हा हातांकडे. तोवर डॉक्टर उठून दारात गेले होते. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांच्या नवऱ्यांना त्यांनी आत बोलावलं. "या, या. बघून घ्या. नवरा असावा तर असा!" चार नवरे ओळीने येऊन मला बघून गेले. एकाच्या बायकोने त्याला तिथेच कोपराने ढोसलं. मी सगळ्यांना नमस्कार केला. दुसरं काय करणार?

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही सांगून टाकलंत? अहो, साहेब पाठीवर थाप मारत असताना आपणच म्हणायचं की साहेब, रजिस्टर खोटं आहे? हे मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नव्हतं. परतीच्या वाटेवर रत्ना एकाही गतिरोधकावर ओरडली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

गोळ्या बंद झाल्या आणि शुक्रवारपर्यंत तिचं दुखणं परत चढलं. त्या दिवशी मला सुट्टी होती. बघतो तर रत्ना ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभी, डोळे मिटलेले, ओठ पांढरे. बरोबर तशीच, जशी दोन वर्षं उभी राहायची. मी "काय झालं गं?" विचारायला तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते विचारायची लाज वाटली.

"अहो," ती डोळे न उघडता म्हणाली, "ती वही आणा."

"कुठली वही?"

"जिच्यात मी नाचत्येय ती."

वही आणली. रत्ना दहावी पास आहे. (हे मी वही भरताना लक्षात घेतलं नव्हतं.) ती कुशीवर पडून आईला एकेक पान वाचून दाखवायला लागली. मी दारात उभा. 'अंगणात अर्धा तास फेरफटका' आलं तेव्हा सासूबाईंनी हात वर केला.

"थांब गो. कंच्या दिसाला?"

"तीस मार्च. रविवार."

"त्या रविवारी तं जावयबापू शहापूरला गेलतं जेवायला, कुनी साहेब रिटायर झाला तवा! आंगनात कोन फिरला मंग? मना तं कोन दिसला नाय."

"आई, पुढे आईक. 'पत्नीची मनःस्थिती प्रसन्न. पत्नी पतीच्या सेवेने भारावून गेली आहे.'"

"अगं बाय बाय बाय!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

मला वाटलं, आता रत्ना आरडाओरडा करणार. तयारीही ठेवली होती. पण ती हळूच म्हणाली, "दोन वर्षं दुखत होतं तेव्हा तुमी बोलायचे, उगा जास्त काम करते म्हणून दुखतं. मग बोलायचे, बसून राहते म्हणून दुखतं. ठीक हाय. पण निदान दुखतंय एवढं तरी माझं होतं. ते पण तुमी शून्य करून टाकलंत, आनि मला विचारलं नाय."

खरंच सांगतो, बेचाळीस पानं भरताना एकदाही मला वाटलं नव्हतं की या आकड्यांच्या पलीकडे कुणी झोपलेलं आहे. आणि ती तर तीन फुटांवर मागच्याच सीटवर होती! मला स्वतःचाच भयंकर राग आला आणि तिची इतकी दया आली, की मी काहीतरी करायचं म्हणून तिला पाणी आणून दिलं. तेही तिने उठून परत ठेवलं, कारण मी फ्रिजमधलं आणलं होतं आणि तिला माठातलंच लागतं.

सोमवारी रजा टाकली आणि एकटाच कल्याणला गेलो.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, घातला, माझ्याकडे पाहिलं आणि परत काढला.

"म्हणजे सगळेच आकडे?"

"सगळेच."

"तो मध्येच आलेला आठ? मी त्यावर विचार केला होता हो! दोन सहकारी डॉक्टरांना विचारलं, की इथे पेशंटला काय झालं असेल."

"तो खरं वाटावं म्हणून होता."

"आणि तो चहाचा डाग?" डॉक्टरांचा आवाज अगदीच खोल गेला.

"सरळगावचा आहे."

डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा लिहून दिल्या, कुणालीला फोन लावला आणि नवी वही माझ्यासमोर धरली. पण माझ्या हातात दिली नाही. ती त्यांनी पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, वर 'फक्त पेशंटसाठी' असं लिहून दिली. "तीन आठवडे. लिहिणार त्या स्वतः. तुम्ही या वहीपासून लांब राहायचं, शेलार. लाल शाईने समास आखायलासुद्धा जायचं नाही." (हे त्यांना कसं सुचलं कोण जाणे. मी जीपमध्ये पट्टी घेऊनच बसणार होतो.)

आता मला पापक्षालन करायचं होतं. सोमवार ते शुक्रवार ऑफिस, त्याला इलाज नव्हता. पण शनिवार-रविवार मी घराला वाहूनच घेतलं. सकाळी उठून चहा मी केला. साखर कुठल्या डब्यात, आलं किती, गॅस बारीक करायचा की मोठा, सगळं रत्नाला विचारून, तिच्या मनासारखं. भेंडी मी चिरली. विळी कुठे, ताट कुठलं, उभी चिरू की आडवी, एकही गोष्ट तिला न विचारता केली नाही. कपडे वाळत घातले. तिने नंतर ते परत झटकून घातले, पण सुरुवात मीच केली होती. संध्याकाळी इतका दमायचो की टॉवेल, चष्मा, चार्जर कुठे आहे ते शोधायचंही त्राण राहायचं नाही. तेवढं तिला विचारायचो. आता अतिउत्कृष्ट म्हणायला काय हरकत होती?

तेरा मे. तपासणीचा दिवस. मी छाती पुढे काढून आत गेलो. रत्नासोबत या वेळी कुणालीही आली होती. डॉक्टरांनी वहीतले आकडे कॉम्प्युटरवर चढवून त्याचा आलेख काढला होता आणि ते त्याच्याकडे कोड्यात पडल्यासारखे बघत होते.

"विचित्र आहे," ते म्हणाले. "दोन, दोन, तीन, दोन, दोन. सुंदर. आणि मग एकदम सहा, सात. परत दोन, दोन. परत सहा, सात. दर शनिवार-रविवारी काय होतं?"

"डॉक्टर, रविवारी आमच्याकडे मटण असतं," मी तत्परतेने म्हणालो. "ते जड पडत असेल."

"शनिवारीपण?"

"शनिवारी सुकट असते."

"पाठीचा आणि सुकटीचा संबंध नाही, शेलार. गादी बदलता का? प्रवास होतो?"

"छे छे, कुठेच जात नाही. गावाजवळ मोबाईलचा नवा टॉवर झालाय, त्याचं काही?" मी सुचवलं. कुणाली उगाच खिडकीबाहेर बघायला लागली. रत्ना पदराशी चाळा करत होती.

"बरं, शनिवार-रविवार सोडा," डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा मधलाच गुरुवार बघा. आधी दोन, नंतर दोन, आणि या गुरुवारी एकदम सात. एक तारीख. काय झालं होतं एक तारखेला?"

आता सुट्ट्यांच्या बाबतीत मला कुणी हरवू शकत नाही. सगळ्या वर्षाच्या सुट्ट्या मला तोंडपाठ आहेत. मी खुर्चीत पुढे सरकून म्हणालो, "एक मे! महाराष्ट्र दिन, आणि कामगार दिन. सार्वजनिक सुट्टी! म्हणजे मदतीला माणूस नव्हतं असंही नाही, डॉक्टर. मी दिवसभर घरीच होतो."



डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग एकेका शनिवारावर, एकेका रविवारावर आणि शेवटी त्या गुरुवारावर बोट फिरवलं आणि परत माझ्याकडे पाहिलं. कुणालीने ओढणी तोंडात कोंबली होती. तरीही मला काही कळलं नाही. मी म्हणालो, "कालपण बुद्ध पौर्णिमेची सुट्टी होती. कालचा आकडा बघा ना, म्हणजे तुलना करता येईल."

डॉक्टरांनी वही उघडली. काल सात होता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे... मी?"

"मला वाटलं, तुमी वाईट वाटून घ्याल," रत्ना म्हणाली. "तुमी मनापासून करता हो. पन तुमी भेंडी चिरायला बसलात की मला आठ वेळा उठायला लागतं. चष्मा कुठे, अगो चार्जर कुठे, मीठ कुठे. पडल्या पडल्या सांगितलं तर तुमाला सापडत नाय."

"सर, मी एका शनिवारी गेले होते," कुणालीने ओढणी बाजूला करून सांगितलं. "एका तासात काकांनी काकूंना तेवीस हाका मारल्या. मी मोजल्या. त्यातली एक हाक होती, 'अगो, जरा पड की, किती उठतेस!'"

सत्तावीस वर्षं तपासण्या पाहिल्या, पण आकड्यांनी असा माणूस रंगेहाथ पकडलेला मी पाहिला नव्हता. आणि पुरावा कुणी दिला? मीच! डॉक्टरांनी काही न बोलता लेटरहेड ओढलं. गोळी लिहिली, दिवसातून दोनदा. शेक, दोनदा. व्यायाम, रोज. आणि चौथ्या ओळीत लिहिलं : पती, सुट्टीच्या दिवशी एकदाच, जेवणानंतर.

रत्नाने चिठ्ठी वाचली आणि गंभीरपणे विचारलं, "डॉक्टर, अर्धा घेतला तर चालेल ना?"

तरी मी हार मानली नाही. मला तिचं दुखणं खरोखरच कमी करायचं होतं, आणि या वेळी कागदावर नव्हे. आठ दिवस संध्याकाळी बसून मी घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंची यादी केली. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, कपाटांना क्रमांक दिले. तूरडाळ : कपाट दोन, खण तीन. विळी : ओट्याखाली, डावीकडे. चष्म्याला दोरी बांधून तो गळ्यात अडकवला. तोंडपाठ केलं सगळं. सासूबाई मुद्दाम विचारायच्या, "जावयबापू, हलद?" आणि मी अंगणातून ओरडायचो, "एक, दोन, उजवीकडे!" सुट्टीच्या दिवशी एकही हाक मारायची नाही असं ठरवलं. हाक घशापर्यंत यायची आणि मी ती गिळायचो. एका शनिवारी नऊ हाका गिळल्या. जेवण गेलं नाही त्या दिवशी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुढची तपासणी झाली. त्या दिवशी मला रजा मिळाली नाही, म्हणून रत्ना आणि कुणाली दोघीच गेल्या. दुपारी कुणालीचा मेसेज आला. सोबत नव्या वहीच्या पानाचा फोटो. मी ऑफिसात चष्मा पुढेमागे करून पाहिला. शनिवारी तीन! आणि रविवारी? रविवारी एक! सकाळी एक, संध्याकाळी एक! खाली रत्नाच्या अक्षरात शेरा होता, 'आज खूप बरं वाटलं. दुपारी दोन तास गाढ झोप लागली.'

अहो, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. खोटं सांगत नाही, मी खुर्चीवरून उठलो आणि समोरच्या खिडकीवर अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. तो बिचारा घाबरून उद्या येतो म्हणाला. मी खाली जाऊन एक किलो पेढे आणले आणि शिपायापासून साहेबापर्यंत वाटले. साहेबांनी विचारलं, "काय, मुलगा पास झाला?" मी म्हणालो, "नाही साहेब, मी."

उरलेले पेढे घेऊन घरी पोहोचलो. रत्ना पलंगावर टेकून बसली होती. चेहऱ्यावर तकाकी, कपाळावरची ती आठी गेलेली. इतकी हलकी मी तिला दोन वर्षांत पाहिली नव्हती. मी पुडा उघडून तिच्यापुढे धरला.

"कशाचे हो?"

"कशाचे म्हणजे? रविवारी एक! पाहिला मी फोटो. सुट्टीचा दिवस, आणि एक! आता बोल, सुधारलो की नाही मी?"

रत्नाने आईकडे पाहिलं. सासूबाईंनी पेढा तोंडात टाकला, सावकाश चघळला आणि म्हणाल्या, "जावयबापू, त्या रविवारी तं तुमी सकालधरनं खर्डीला गेलतं ना? त्या मतदारयादीच्या टरेनिंगला?"

मी पुडा धरून तसाच उभा राहिलो.

रत्नाने पुड्यातला आणखी एक पेढा उचलला आणि अगदी प्रेमाने विचारलं, "अहो, पुढचं ट्रेनिंग कधी हाय?"